वाजवी भीती

कानाजवळ काहीतरी चमकलं आणि मी बसल्या जागी एवढा दचकलो की गळ्याभोवतीचं कापड सुटून मांडीवर आलं. सलूनवाला हसला. त्याला फोन आला होता. तो घ्यायला तो माझ्या खांद्यावरून पुढे वाकला, तेव्हा उजव्या हातातली कात्री तशीच उघडी राहिली होती, माझ्या कानापासून बोटभर अंतरावर. एवढंच झालं होतं. "काका, कात्री आहे, तलवार नाही," तो मला म्हणाला, आणि फोनवरच्या माणसाला, "काही नाही रे, गिऱ्हाईक उडालं जरा." मीही हसलो. आपल्यावर कुणी हसलं की त्याच्याबरोबर हसून घ्यायची मला जुनी सवय आहे, त्याने प्रकरण लवकर मिटतं. आरशात माझा चेहरा पांढराफटक दिसत होता. तोंडाला कोरड पडली होती आणि छातीत कुणी आतून दार ठोठावत असल्यासारखं चाललं होतं. ते ठोठावणं मी ऐकत राहिलो, आणि ते थांबत आलं तसं माझ्या लक्षात आलं, की ही भीती होती, साधी, ओळखीची, जन्मभर माझ्या अंगात राहिलेली भीती. उद्या कोर्टात मला सांगायचं होतं, की त्या दिवशी मला अशीच भीती वाटली होती.

मी एका वाचनालयाचा वाचनकक्ष सांभाळतो. सांभाळतो म्हणजे निवृत्त झाल्यावरही जात राहिलो आणि कुणी नको म्हणालं नाही. सकाळी ताजे पेपर काठ्यांमध्ये अडकवायचे, कालचे काढून गठ्ठ्यावर ठेवायचे, खुर्च्या टेबलाखाली सरकवायच्या, कुणी मोठ्याने बोलायला लागलं तर त्याच्याकडे नुसतं बघायचं. काठ्या लाकडाच्या आहेत, हातभर लांब, मधोमध चिरलेल्या, टोकाला पितळेची टोपी. त्यातल्याच एका काठीने मी एका माणसाच्या हातावर मारलं आणि त्याची दोन बोटं मोडली. तो माणूस केस कापतो. कापायचा, असं म्हणायला हवं. त्याचं दुकान तेव्हापासून बंद आहे. माझी उद्या तारीख आहे, आणि पुतण्याने बजावलं होतं, "काका, न्यायाधीशासमोर जरा माणसासारखे दिसा." म्हणून मी या दुसऱ्या दुकानात येऊन बसलो होतो. ज्याची बोटं मी मोडली त्याच्याच कामाची मला उद्यासाठी गरज होती, हे खुर्चीत बसेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. अशा गोष्टी मला नेहमी बसल्यानंतरच सुचतात.

पुतण्या वकील आहे. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. आयुष्यभर तो भिंतींची आणि गच्च्यांची भांडणं लढला, मारामारीचा खटला त्याच्याकडे हा पहिलाच, तोही घरचा. त्याने मला कायदा समजावून सांगितला तो असा, की अंगावर कुणी आलं तर हात उचलायचा हक्क प्रत्येकाला आहे, पण तो हक्क दारासारखा आहे. माणूस आत घुसतोय तोवर दार लोटता येतं, जोराने लोटता येतं, त्यात त्याचं बोट चिरडलं तरी चालतं. पण तो वळून पायऱ्या उतरायला लागला, की मग मागे धावत जाऊन तेच दार त्याच्या डोक्यात घालता येत नाही. "भीती जोवर, हक्क तोवर," तो म्हणाला, "आणि भीती वाजवी पाहिजे." वाजवी भीती. हे शब्द मला आवडले, म्हणजे शब्द म्हणून आवडले. वाचनालयात कायद्याची जुनी पुस्तकं ठेवलेली एक मांडणी आहे, तिथे उभं राहून मी त्या प्रकरणाची पानं वाचून काढली. कुणाही समजूतदार माणसाला त्या जागी जी वाटली असती ती वाजवी. मी माझ्या भीत्यांची मनातल्या मनात उजळणी केली. फोन वाजला की वाटते ती. लिफ्टचं दार मिटताना वाटते ती. दुकानात सुटे पैसे नसले की, सभेत कुणी माझं नाव घेतलं की, पोस्टमनने सही मागितली की. शाळेत असताना फळ्याकडे बोलावलं की मला खडू कुठल्या टोकाने धरायचा हेच आठवायचं नाही. एकही वाजवी नव्हती. कायद्याच्या त्या पानांत माझ्यासारख्याला बसायला जागा नव्हती, आणि पुतण्या म्हणत होता, तुम्ही तिथेच बसायचं आहे.

इकडे सलूनवाल्याचं फोनवरचं बोलणं संपेना. उघडी कात्री हातात हलत होती, बोलण्याच्या ओघात हात हलतात तशी, आणि मी तिच्यावरून नजर काढू शकत नव्हतो. तेव्हा मला आरशात दुसरा हात दिसायला लागला. मौनीचा. त्याचं खरं नाव आता समन्सवर वाचलं, पण सगळे त्याला मौनीच म्हणत, कारण केस कापताना तो बोलत नसे. हवापाणी नाही, राजकारण नाही, कुणाच्या पोरीचं लग्न नाही. बाकीची गिऱ्हाइकं त्याला कंटाळून दुसरीकडे गेली असतील, मी त्याच्याचसाठी जायचो. जगात एक तरी खुर्ची अशी होती की जिच्यात बसून काही बोलावं लागत नव्हतं. आम्ही दोघं आरशात एकमेकांकडे बघायचो, त्याने भुवई उचलली की मी मान हलवायची, झालं. त्याच्या केसात पांढरं आलं ते मी त्याच आरशात पाहिलं, आणि माझ्या डोक्यावरचं विरळ होत गेलं ते त्याने. आणि इतकी वर्षं मी जे पाहत होतो, पण पाहतोय हे मला माहीत नव्हतं, ते हे, की कंगवा उचलायचा असो, कापड झटकायचं असो, नुसतं वळायचं असो, प्रत्येक वेळी मौनी आधी अंगठा कात्रीच्या कडीतून काढायचा, आणि ती मिटून त्याच्या तळहातात जायची. टोकं मनगटाकडे. अनामिका तेवढी कडीत राहायची. तो हात मग नुसता मूठ वाटायचा. गिऱ्हाइकाकडे उघडं पातं घेऊन वळायचं नाही, हे त्याच्या हाताला माहीत होतं. एकदा त्याला खोकल्याची एवढी उबळ आली की तो भिंतीला टेकला, पण त्याआधी ती कात्री मिटली होती. मी त्या खुर्चीत कधी दचकलो नाही. जो माणूस पोस्टमनला घाबरतो तो वस्तरा गळ्यावर घेऊन डुलक्या काढायचा.

आणि त्या दिवशीही ती मिटली होती. मला ते आठवलं नाही, मला ते दिसलं. आजवर पोलिसांनी, पुतण्याने, घरी बहिणीने विचारलं तेव्हा मी म्हणत आलो, कात्री त्याच्या हातात होती एवढं नक्की, उघडी की मिटलेली ते लक्षात नाही. ते खोटं नव्हतं. खरंच लक्षात नव्हतं, किंवा मी तिथे बघत नव्हतो, यातला फरक मला आता सांगता येणार नाही.

झालं होतं असं. काही महिने पेपरांतून तुकडे कापले जात होते. मला त्याचा राग नव्हता, मला त्यात रस होता. कापाची रेघ सरळ होती, सराईत हाताची, त्यावरून मी अनुमान बांधत होतो, आणि माझं अनुमान बरोबर ठरावं अशी वाट बघत होतो. त्या सकाळी मी एका काठीतला पेपर बदलत होतो. लांबच्या टेबलावर मौनी बसला होता, दुकान उघडण्याआधी तो अर्धा तास येऊन बसायचा. त्याने खिशातून कात्री काढली आणि पेपराचा एक चौकोन कापून घेतला. लपवाछपवी काही नाही, सगळ्यांच्या देखत. मी काठी हातात घेऊन तिथे गेलो आणि म्हणालो, "म्हणजे ते तुम्हीच." माझा आवाज मला ओळखता आला नाही, एवढा मोठा होता. सगळ्यांनी माना वर केल्या. मौनीने तो चौकोन माझ्यापुढे धरला. फोटोत पोहण्याच्या शर्यतीतल्या मुली ओळीने उभ्या होत्या, सगळ्यांच्या डोक्याला रबराच्या टोप्या, चेहरे मुगाएवढे. "तिसरी माझी मुलगी," तो म्हणाला. मी तिथेच थांबायला हवं होतं, तर मी पुस्तकातल्या माणसासारखा म्हणालो, "मुलगी तुमची असेल, कागद वाचनालयाचा आहे." लोक हसले. मी जन्मभर बोलायचं ते उशिरा, घरी आल्यावर, अंथरुणात बोलणारा माणूस, आणि हे वाक्य मला जागच्या जागी सुचलं होतं. मी ते पुरतं चाखलंसुद्धा नसेल, तोच मौनीने डाव्या हाताने माझी कॉलर धरली.

त्याचा चेहरा मी कधी आरशाशिवाय इतक्या जवळून पाहिला नव्हता. तो उलटा वाटत होता, भांग दुसऱ्या बाजूला. "इतकी वर्षं हा गळा माझ्या हाताखाली आहे, साहेब," तो म्हणाला, "आणि मी चोर?" त्याच वेळी त्याच्या उजव्या हाताचा अंगठा कडीतून निघाला, कात्री तळहातात मिटली. मग त्याने कॉलर सोडली. सोडून दोन बोटांनी ती झटकली, केस कापून झाल्यावर झटकायचा तशी, खांद्यावर पडलेलं काही उडवून लावल्यासारखी. तो जायला वळला. आणि मी मारलं.

का मारलं याचा मी पुष्कळ विचार केला आहे आणि माझ्या विचारांवर माझा फारसा विश्वास नाही. चूक माझी होती आणि तो मला सोडून देत होता, सगळ्यांच्या देखत, नीटनेटकी कॉलर करून, हे मला सहन झालं नसावं. असं आता वाटतं. त्या क्षणी काहीच वाटलं नव्हतं. उलट एक विलक्षण मोकळीक होती, दाताचं दुखणं अचानक थांबावं आणि मग इतके दिवस दुखत होतं हे कळावं, तशी. हात वर गेला, काठीला अडकवलेला अर्धा पेपर पंख्यासारखा उलगडला, पितळेची टोपी त्याच्या मुठीवर बसली. आवाज बारीक होता. पेन्सिल मोडावी तसा. कात्री खाली पडली ती मिटलेलीच.

सलूनमधून घरी आलो तेव्हा दार अक्काने उघडलं. माझी थोरली बहीण, आम्ही दोघंच राहतो. तिच्या डोळ्यांत आता उजेड आणि सावली एवढंच उरलंय, म्हणून ती हाताने बघते. तिने माझं डोकं चाचपलं, कान चाचपले, हात मानेमागे नेला आणि तिथेच थांबली.

"मागे वाकडं कापलंय."

"असू दे."

"असू दे काय? कुणाकडे बसला होतास?"

"चौकातल्या त्या नव्याकडे."

"मौनीने असं कधी केलं नसतं," ती म्हणाली, आणि मानेवरचा हात काढून घेत, "पण त्याचं दुकान तूच बंद पाडलंस. आता बस वाकडी मान घेऊन. उद्या कॉलर वर कर, म्हणजे दिसायचं नाही."

संध्याकाळी पुतण्या आला. चहा पिता पिता त्याने वहीवर पेन टेकवलं आणि खुर्ची माझ्यासमोर ओढली. "चला. मी न्यायाधीश. त्याने तुमची कॉलर धरली. मग?"

"मग सोडली."

"काका, एवढ्यात नाही सोडायची. जरा वेळ धरू द्या त्याला."

अक्का हसली. मीही हसलो. पुतण्या हसला नाही. "तो गळ्याबद्दल काय म्हणाला ते सांगा. शब्दशः. तिथे काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही, ते वाक्य सोन्यासारखं आहे. हातात कात्री असलेला माणूस गळ्याचं बोलतो, याला धमकी नाही तर काय म्हणायचं?"

"तो तसं नाही म्हणाला."

"म्हणाला ना? मग झालं. कसं म्हणाला ते कागदावर येत नाही. बरं, कात्री. अजूनही लक्षात नाही?"

"मिटलेली होती," मी म्हणालो.

पेन थांबलं. "कालपर्यंत आठवत नव्हतं."

"आज आठवलं."

"कुठे?"

"केस कापताना."

पुतण्याने अक्काकडे बघितलं, म्हणजे सवयीने बघितलं, तिला ते दिसणार नव्हतंच. मग तो हलक्या आवाजात बोलायला लागला. गच्चीच्या भांडणात दोन्ही पक्षांना घरी बसवून समजूत काढताना तो असाच बोलत असणार. म्हणाला, हे बघा, मागच्या तारखेला कोडेवाल्यांनी साक्ष दिली आहे की कात्री उगारलेली होती. कोडेवाले म्हणजे रोज माझ्यासमोर बसून शब्दकोडी सोडवणारे गृहस्थ. त्यांनी आवाज होईपर्यंत मान वर केली नव्हती हे मला माहीत आहे, कारण त्यांच्या चष्म्यावर खिडकी दिसत होती आणि ती हलली नव्हती. पण ते माझ्या बाजूचे आहेत. सगळेच आहेत. "तुम्ही साधं झुरळ मारत नाही हो," ते कोर्टाच्या जिन्यात माझा हात दाबून म्हणाले, आणि पुढे जरा ओशाळून, "आणि ती कोडी मी नेत होतो बरं का. ब्लेडने. सांगेन सांगेन म्हणत राहून गेलं." त्याच दिवशी मौनीचीही साक्ष झाली होती. त्याने सांगितलं, मी कॉलर सोडली होती, झटकून दिली होती, वळलो होतो. "म्हणजे मारायला आलात आणि कॉलर झटकून दिलीत? इस्त्री करायची राहिली का?" पुतण्याने विचारलं, आणि कोर्टात खसखस पिकली. मौनीने माझ्याकडे पाहिलं. आरशात बघायचा तसं, भुवई किंचित वर. मी मान हलवायला हवी होती. मी माझ्या बुटांकडे बघत होतो.

"राग हा बचाव होत नाही," पुतण्या म्हणत होता. "रागाने फार तर शिक्षा थोडी कमी होते. सुटका होते ती फक्त भीतीने. आणि बोटं मोडणं म्हणजे गंभीर दुखापत, काका, नुसत्या दंडावर भागेलच असं नाही. तुमच्या वयाला तुरुंग म्हणजे काय ते मला सांगायला लावू नका. मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाहीये. मला भीती वाटली, एवढंच म्हणा. तुम्ही लिफ्टला घाबरता. पोस्टमनला घाबरता. माझ्या लग्नात व्याह्यांशी बोलावं लागेल म्हणून तुम्ही भांडारखोलीत जाऊन बसला होतात. जगातला एक माणूस दाखवा ज्याला तुम्ही घाबरला नाहीत."

"मौनी," मी म्हणालो.

अक्काने कपबशा चाचपत गोळा केल्या. आत जाता जाता ती कुणालाच उद्देशून म्हणाली, "हा आत गेला तर मला पेपर कोण वाचून दाखवणार?" तिच्या बोलण्यात रडू नव्हतं, तक्रारही नव्हती, उद्या भाजी कोण आणणार असं विचारावं तसं तिने विचारलं होतं. तेवढं मात्र मला लागलं. मी रोज तिला पेपर वाचून दाखवतो. निधनवार्ता आधी, मग हवामान, मग उरलेलं. ती मधूनच म्हणते, पुढचं वाच, हे माहीत आहे. तिला कुणी शेजारचं माणूस वाचून दाखवेल, पण कुठे थांबायचं ते त्याला कळणार नाही.

पुतण्या जाताना दारात थांबला. "उद्या फक्त चार शब्द, काका. मला भीती वाटली होती. जमेल?" मी जमेल म्हणालो. ते खरं होतं. ते शब्द मला जमण्यासारखे होते, मी ते कधीही, कुठल्याही प्रसंगाबद्दल, हात छातीवर ठेवून म्हणू शकलो असतो. रात्री पडल्या पडल्या मी ते म्हणून पाहिले आणि ते इतके खरे वाटले की मला झोप लागली.

सकाळी कॉलर वर करून गेलो. कोर्टाची खोली वाचनकक्षासारखीच आहे, लांब टेबल, वर पंखा, कागदाचा वास, कुणी कुजबुजलं तर वर बघणारी माणसं. मला तिथे परकं वाटत नाही हे मी पुतण्याला कधी सांगितलं नाही. न्यायाधीश बाई वयाने माझ्या पुतण्याएवढ्या, वाचताना चष्मा कपाळावर सरकवतात. मौनी भिंतीकडच्या बाकावर बसला होता. त्याच्या हाताचं प्लॅस्टर निघालं होतं. तो हात त्याने मांडीवर उताणा ठेवला होता, दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा. शेजारी केस पाठीवर सोडलेली एक मुलगी होती. टोपी नसल्यामुळे मला ती ओळखता आली नसती, पण ती तिसरी असणार.

पुतण्याने मला विचारायचं ते विचारलं. कॉलर धरली? हो. गळ्याबद्दल बोलला? हो. काय बोलला? मी शब्दशः सांगितलं. माझ्या तोंडून ते वाक्य धमकीसारखं ऐकू आलं, मलाही. पुतण्याची मान समाधानाने हलली. हातात काय होतं? कात्री. "आणि तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" पुतण्याने विचारलं, आणि मी तोंड उघडलं, चार शब्द जिभेवर तयार होते. तेवढ्यात बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "एक मिनिट. कात्री कशी धरली होती, दाखवता येईल का तुम्हाला?"

कारकुनाने पारदर्शक पिशवीतून ती काढून माझ्या हातात दिली. तिचा थंडपणा मानेला ठाऊक होता, हाताला नव्हता. मी रात्री ठरवलं होतं ते अजून ठरलेलंच होतं, हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. हात वर करायचा, पाती थोडी उघडायची, एवढंच पुतण्याला हवं होतं आणि ते अगदी सोपं होतं. मी अंगठा एका कडीत घातला, अनामिका दुसऱ्या. कात्री उघडली. मला ती फार मोठी वाटली. बाई बघत होत्या. आणि मग माझ्या हाताला ती तशी धरवेना. समोर माणसं होती, त्यांच्याकडे उघडं पातं करून उभं राहणं चमत्कारिक वाटत होतं, आणि इतकी वर्षं आरशात पाहिलेली ती हालचाल माझ्या बोटांत कुठेतरी येऊन बसली असावी. मी ती तळहातात वळवायला गेलो. पण मला ते येईना. कात्री आडवी झाली, अंगठा कडीत अडकला, पातं मनगटाला लागलं. पुतण्या म्हणाला, "काका, ठेवा." मी पुन्हा प्रयत्न केला.

"आधी अंगठा बाहेर काढा, साहेब," भिंतीकडून आवाज आला.

"तुम्हाला विचारलेलं नाही," बाई म्हणाल्या, पण रागावल्या नाहीत.

मी अंगठा बाहेर काढला. कात्री आपल्या आपण मिटली आणि तळहातात जाऊन पडली, टोकं मनगटाकडे, जणू तिला तिथली वाट माहीत होती. माझा हात नुसता मूठ झाला. मी तो सगळ्यांना दिसेल असा पुढे धरला. पलीकडे मौनीचा उताणा हात मला दिसत होता. त्याची अनामिका माझ्या बोटाबरोबर वळायला निघाली आणि अर्ध्यावर थांबली.

"म्हणजे मिटलेली," बाई म्हणाल्या.

"हो."

"आणि कॉलर?"

"सोडली होती. झटकून दिली होती. ते वळले होते."

पुतण्याने पेनाचं टोपण लावलं. तेवढा आवाज मला ऐकू आला.

"मग तुम्हाला भीती कशाची वाटली?"

"त्यांची नाही वाटली," मी म्हणालो. "त्यांची मला कधीच भीती वाटली नाही."

बाईंनी चष्मा खाली घेतला आणि लिहायला लागल्या. त्या खूप वेळ लिहीत होत्या. कारकुनाने हात पुढे केला, मी कात्री कड्यांच्या बाजूने त्याला दिली. तोवर माझ्या तोंडाला कोरड पडली होती, छातीत कुणी दार ठोठावायला लागलं. मी दचकलो नाही, पाहुणा कोण आहे ते मला माहीत होतं. मला अक्का दिसली, पेपर मांडीवर घेऊन, अक्षरांवरून हात फिरवत. निकाल पुढच्या तारखेला, असं कुणीतरी म्हणालं. मला बाकावर बसायला सांगितलं. भिंतीकडच्या पहिल्या बाकावर जागा होती, आणि बसल्यावर लक्षात आलं की मागच्या बाकावर मौनी आहे, बरोबर माझ्या पाठीशी.

तो मला दिसत नव्हता, पण तो कुठे बघत असेल हे मला कळत होतं. मानेवर, केस संपतात तिथे, त्या वाकड्या रेघेवर. कालपर्यंत इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणाची कात्री तिथे लागली नव्हती. गडबडीत कॉलर कधी खाली घसरली होती कोण जाणे. अक्काने बजावलेलं आठवलं, हात मानेकडे गेलाही. मग मी तो परत मांडीवर ठेवला, आणि मान थोडी पुढे घेऊन, त्याच्या खुर्चीत बसायचो तसा, बसून राहिलो.